एका मुलामागे किती हात?

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्या संयुक्त मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने साठ वर्षांचा आढावा घ्यावा अशी अपेक्षा असते. तो आढावा स्मरणिकेत सविस्तर येणारच आहे. आज मी आपल्याशी एका विदुषीच्या संशोधनाविषयी बोलणार आहे. विषय मानवी स्वभावाच्या उत्क्रांतीचा आहे. त्याचा आरंभ आपल्या बडोद्याहून काही तासांच्या अंतरावर, अबूच्या डोंगरावर झाला. आणि त्याची वाट, माझ्या मते, थेट आपल्या पालकसभेपर्यंत येते.

या विदुषीचे नाव सारा ब्लाफर हर्डी. १९४६ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात त्यांचा जन्म झाला. हार्वर्ड विद्यापीठात मानववंशशास्त्राचा अभ्यास करीत असताना, १९७१ मध्ये त्या अबूला आल्या त्या काळ्या तोंडाच्या वानरांसाठी. त्यापूर्वी युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाड परिसरातील वानरांमध्ये एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती : कळपावर बाहेरचा नवा हुप्प्या आला की तान्ही पिल्ले मारली जात. गर्दी वाढल्यामुळे प्राण्यांचे वर्तन बिघडते, हे त्याचे कारण असावे, असे गृहीत धरून हर्डी आल्या. प्रत्यक्ष निरीक्षणाने मात्र ते गृहीतक टिकले नाही. पिल्लांवरील संकटाचा संबंध गर्दीशी नव्हता, तर हुप्प्या बदलण्याशी होता. पिल्लू गेले की मादी लवकर पुन्हा गर्भधारणेस योग्य होते, आणि नव्या हुप्प्याला स्वतःची संतती मिळते. १९७७ साली ‘द लंगूर्स ऑफ अबू’ या ग्रंथात त्यांनी हे मांडले. तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे सिंहांसह इतर अनेक प्राण्यांमध्ये तसेच वर्तन आढळून आले.

या कठोर सत्याच्या शेजारीच अबूला दुसरेही एक दृश्य होते. वानरीचे नवजात पिल्लू जन्माच्या दिवसापासूनच कळपातील इतर माद्यांच्या हाती जाते. एक घेते, दुसरी ओढून घेते, आणि तेवढ्या वेळात आईला चार पाने निवांत खाता येतात. आपल्याला अधिक जवळचा असलेला चिंपांझी मात्र असे करीत नाही. चिंपांझीची आई पहिले कित्येक महिने आपले पिल्लू कुणाच्याही हाती देत नाही. मग माणूस कोणासारखा? हा प्रश्न हर्डी यांनी पुढे अनेक वर्षे लावून धरला, आणि २००९ साली ‘मदर्स अँड अदर्स’ या ग्रंथात त्याचे उत्तर दिले.

मानवाचे मूल हे अत्यंत खर्चिक मूल आहे. ते स्वावलंबी होईपर्यंत त्याला १ कोटीहून अधिक कॅलरी अन्न लागते. शिवाय चिंपांझीच्या दोन पिल्लांत साधारण पाच-सहा वर्षांचे अंतर असते, तर शिकारी-संग्राहक समाजांतील स्त्रीला तीन-चार वर्षांतच पुढचे मूल होते. म्हणजे पहिले अजून हाताशी आलेले नसताना दुसरे कडेवर. एवढा भार एकटी आई, किंवा आई आणि बाप मिळूनही, पेलू शकत नाहीत. म्हणून हर्डी म्हणतात की मानव हा मुळातच ‘सहपालन’ करणारा प्राणी आहे.

याचे पुरावे जगभर विखुरलेले आहेत. टांझानियातील हाडझा लोकांमध्ये वृद्ध आज्या दिवसभर कंद खणून नातवंडांचे पोट भरतात, हे क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आफ्रिकेतील इतुरीच्या अरण्यात एफे जमातीचे तान्हे मूल सरासरी १४ जणांच्या हातांतून फिरते. गांबियातील खेड्यांच्या नोंदी रेबेका सिअर आणि रूथ मेस यांनी तपासल्या, तेव्हा आईची आई जिवंत असलेली लहान मुले अधिक प्रमाणात जगली असे आढळले. प्रत्येक समाजात हेच नाते निर्णायक ठरते असे नाही. पण ‘आजोळ’ हा शब्द जपणाऱ्या आणि पहिले बाळंतपण माहेरी करणाऱ्या आपल्या समाजाला या निष्कर्षाचे नवल वाटू नये. ‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झाली नाही.

हर्डी यांचे खरे धाडसी विधान याच्या पुढचे आहे. ज्या मुलाला अनेकांकडून माया मिळवायची आहे, त्याला अनेकांची मने ओळखावी लागतात : कोण हसेल, कोण उचलून घेईल, कोणाचा चेहरा आज उतरला आहे. ज्यांना हे चांगले जमले ती मुले जगली. दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची माणसाची क्षमता या पाळण्यातल्या शिक्षणातून, मोठा मेंदू आणि भाषा यांच्याही आधी, आकाराला आली असावी, असे त्या मानतात. माणसांच्या सहकार्याचे मूळ शिकारीत किंवा टोळीयुद्धांत शोधणारे अभ्यासकही आहेत, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु माणुसकीचा उगम रणभूमीवर न शोधता पाळण्याभोवती शोधणारा हा विचार शिक्षकाला दुर्लक्षिता येणार नाही.

आता आपल्याकडे वळते. मूल अभ्यासात मागे पडले की पहिला प्रश्न विचारला जातो, ‘आई नोकरी करते का?’ शाळाशाळांतून ‘माता-पालक मेळावे’ होतात. ‘पिता-पालक मेळावा’ मात्र क्वचितच ऐकू येतो. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून येथे आलेल्या कितीतरी घरांत एक आजी साताऱ्याला आणि दुसरी नाशकात असते. चौदा हातांचे काम दोन हात करतात, आणि दमलेल्या त्या हातांतून मोबाईल मुलाच्या हाती जातो. त्यासाठी आईला दोष देणे अन्यायाचे आहे. १९९९ सालच्या ‘मदर नेचर’ या ग्रंथात हर्डी यांनी हेच सांगितले आहे : आईची माया आपोआप अखंड वाहत राहील असे गृहीत धरू नये, तिला आधार लागतो.

याचा अर्थ जुने एकत्र कुटुंब जसेच्या तसे परत आणावे, असा मुळीच नाही. त्या कुटुंबातले बहुतेक हात बायकांचेच होते, आणि त्यांना विश्रांती ठाऊक नव्हती. पुरुषही सहपालनासाठी घडलेले आहेत. बाळाच्या निकट सहवासात पुरुषाच्या शरीरातील संप्रेरकेही बदलतात. हर्डी यांनी २०२४ सालचा आपला ‘फादर टाइम’ हा ग्रंथ याच विषयाला वाहिला आहे.

आणखी एक चिंता आपली, महाराष्ट्राबाहेरच्या मराठीजनांची, खास आहे. मूल भाषाही अनेक तोंडांतूनच शिकते. रागावणारी आत्या, थट्टा करणारा मामा, गोष्ट सांगणारे आजोबा, प्रत्येकाची मराठी निराळी असते. घरात एकच मराठी बोलणारी व्यक्ती उरली, तर भाषा उरते केवळ सूचनांपुरती : ‘जेव’, ‘झोप’, ‘अभ्यास कर’.

ज्या बडोदे संस्थानात १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू झाले, तेथे मूल केवळ आईबापांचे नसते हे तत्त्व नवे नाही. म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पालकसभेचे निमंत्रण यापुढे घरातील सर्वांच्या नावे येईल. वडिलांनी, आजी-आजोबांनीही यावे. या शहरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक तास शाळा सुटल्यावर वाचनालयात मुलांबरोबर बसावे. शिकवू नये, नुसते मराठीत बोलावे. आणि ज्यांची नातवंडे दूरदेशी आहेत, त्या ज्येष्ठांनी येथील नातवंडांना आपले म्हणावे. दर शनिवारी सकाळी बालवर्गाचे दार त्यांच्यासाठी उघडे राहील.

ही शाळा साठ वर्षे उभी राहिली ती वर्गणीच्या पैशांवर, हे खरे आहे. पण त्याहून अधिक, दुसऱ्यांच्या मुलांना आपले मानणाऱ्या माणसांवर उभी राहिली. पुढील साठ वर्षांसाठीही तेच भांडवल लागणार आहे. वाचनालयातील नाव नोंदणीची वही आज बाहेर पडताना उजव्या हाताला ठेवली आहे.