आधी वही, मग मांडव

'लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐकून ऐकून आपली अशी समजूतच झाली आहे की, ज्या घरी लग्न त्या घरी धावपळ, रुसवेफुगवे, जागरणे आणि शेवटी उधारीवाल्यांचा तगादा हे सगळे यायचेच. मला मात्र वाटते, की लग्नघरातला ताण कामाचा नसतो. कामाला आपण शेतकरी माणसे भीत नाही. ताण येतो तो क्रम उलटा झाल्यामुळे. आपण आधी तारीख धरतो, मग माणसे बोलावतो आणि पैशाचा विचार सर्वांत शेवटी करतो.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. १९९४ साली माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले. मी तेव्हा नववीत होतो. वडिलांनी तीनशे माणसांचा अंदाज धरला होता. पण पत्रिका वाटताना 'ह्याला दिली, मग त्याला कशी नाही?' असे होत गेले आणि पंगतीला नऊशे पाने झाली. दुसऱ्या पंगतीलाच बुंदी संपली. मला सायकलवर दुकानी पिटाळले, माल उधारीवर आला. लग्न पार पडले; लोक म्हणाले, 'झकास झालं.' आणि पुढच्या पेरणीच्या आधी आमची बैलजोडी बाजारात गेली. त्या वर्षी आम्ही दुसऱ्याच्या बैलांनी पेरले. बहीण पहिल्या सणाला आली, तेव्हा तिने रिकामी दावण पाहिली. ती एवढेच म्हणाली, "मला कुणी विचारलं का नाही?"

तुम्ही म्हणाल, मास्तर आता उधळपट्टीवर व्याख्यान देणार. तसे नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही पोचले. त्या दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. लग्नकार्याच्या खर्चानेच कुणबी कर्जात बुडतो, असे तेव्हा साहेबलोक सर्रास म्हणत. आयोगाने मात्र लिहिले, की या कारणाला फाजील महत्त्व दिले गेले आहे. लग्ने काही रोज होत नाहीत, आणि वर्षांचा हिशेब धरला तर हा खर्च माणसाने आनंदासाठी करावा त्याहून फार नाही. तेव्हा आनंद करावा. पण तो आपल्या पैशाने करावा, व्याजाच्या पैशाने नव्हे. यासाठी मी सहा पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी आकड्याची. सोयरिकीचे बोलणे सुरू होण्याआधीच एका संध्याकाळी घरातली सगळी माणसे बसवा. जिचे किंवा ज्याचे लग्न आहे, त्यालाही बसवा. शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर हातात असलेले पैसे लिहा. 'हातात असलेले' असे मी मुद्दाम म्हणतो. आपल्या नेवासे तालुक्यात ऊस आणि कांदा ही पैशाची पिके. पण शेतात उभा असलेला ऊस म्हणजे पैसा नव्हे. तुटून गेलेल्या उसाचेही बिल कधी हाती पडेल, ते आपल्या हातात नसते. चाळीतला कांदा घोडेगावच्या बाजारात कोणत्या भावाने जाईल, हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही. म्हणून त्यांच्या भरवशावर आकडा धरू नका. जो आकडा येईल, त्यातला दहावा हिस्सा अडीअडचणीला बाजूला ठेवा. उरला तो लग्नाचा.

दुसरी पायरी पानांची, म्हणजे जेवणाऱ्या माणसांची. साधे गणित पहा. एका पानाला दीडशे रुपये धरले, तर पाचशे पानांना पंचाहत्तर हजार आणि दोन हजार पानांना तीन लाख. मांडव, पाणी, भांडी, वाढपी, सगळे या एका आकड्यावर वाढते. म्हणून आधी नावे लिहा, मग पत्रिका छापा. ज्यांच्या सुखदुःखाला आपण जातो, त्यांची नावे पहिली. बाकीच्यांना लग्नानंतर घरी चहाला बोलावले, तरी कुणाचा अपमान होत नाही.

तिसरी पायरी बोलणीची. आपल्याकडे बोलणी झाली की याद करतात. त्या यादीत काय लिहिता, ते नीट पहा. १९६१ च्या कायद्याने हुंडा घेणे गुन्हा आहे, तसाच तो देणेही गुन्हा आहे. कुणी न मागता प्रेमाने काही दिले, तर त्याची यादी करून ठेवावी, वधूवरांनी त्यावर सह्या कराव्यात, असा १९८५ चा नियम आहे. सह्या केलेला तो कागद मुलीला पुढे उपयोगी पडतो. मुलाकडच्या मंडळींना मी हात जोडून सांगतो, 'आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या' हेही मागणेच आहे. मानपानाच्या टोप्या-टॉवेल दोन्हीकडून बंद करा. ते कुणी वापरीत नाही, पुढच्या लग्नात तेच फिरतात.

चौथी पायरी तारखेची. ती चौथी आहे, पहिली नाही. तिथी दाट असली की कार्यालय, आचारी, गाड्या, सगळ्यांचे दर चढतात. गुरुजींकडून दोन-तीन तिथी काढून घ्या आणि मग निवड करा. वैशाखात लग्न धरले, तर आधी पाण्याची सोय विचारा. आणि मुहूर्त पाळा. साडेबाराची वेळ, पण पुढाऱ्यांची शुभेच्छांची भाषणे संपेपर्यंत दोन वाजतात. पोरे उन्हात रडतात, नवरी उपाशी उभी असते. ध्वनिक्षेपक कुणाच्या हाती द्यायचा, हे आदल्या दिवशीच ठरवा.

पाचवी पायरी कामाच्या वाटणीची. एका कामाला एकच माणूस नेमा आणि त्याचे नाव वहीत लिहा. पाणी कुणाकडे, वाढप कुणाकडे, आहेराची वही कुणाकडे, घरी राहून गुरांचे दूधपाणी कोण पाहणार, हे लिहून ठेवा. पैसे एकाच्याच हाती द्या, आणि तो नवरीचा बाप नसावा. आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत गावाने सामुदायिक विवाह सुरू केले, तेव्हा तरुण मंडळाने मांडव आणि भांडी विकत घेतली, स्वयंपाक आणि वाढप स्वतः केले. तुमच्या गावच्या मंडळाला हे करता येणार नाही का?

सहावी पायरी हिशेबाची. आठ दिवसांत सर्वांची देणी चुकती करून वहीखाली रेघ ओढा आणि ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद करून दाखला घ्या. हळद उतरली की ही नोंद राहून जाते, असा अनुभव आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याशी दोन शब्द. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय यातली एकही पायरी चढायची नाही. गावात मुलीचे वय खरे कुठे लिहिलेले असेल, तर ते तुमच्या शाळेच्या दाखल्यावर. नववीतली मुलगी दिवाळीनंतर वर्गात आली नाही, तर हजेरीपटावर फुली मारून थांबू नका. तिच्या घरी जा. गरज पडली तर १०९८ या क्रमांकावर फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि वरच्या वर्गाला गणिताच्या तासाला एकदा लग्नाचे अंदाजपत्रक करायला द्या. मुले तो कागद घरी नेतील आणि मोठ्यांना प्रश्न विचारतील.

दोन वर्षांपूर्वी माझ्या त्याच बहिणीच्या मुलीचे लग्न झाले. वही भाचीनेच लिहिली. पाने साडेतीनशे धरली होती, तीनशे ऐंशी झाली. बाजूला ठेवलेल्या पैशातून भागले. काही भाऊबंद रुसले, ते अजूनही थोडे रुसलेले आहेत. पण त्या दिवशी माझी बहीण पहिल्या पंगतीला बसून जेवली. नवरीच्या आईला पंगतीला बसलेले मी तोवर पाहिले नव्हते.

तुमच्या घरी यंदा कार्य असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर वही काढा, आणि मुलीला जवळ बसवा.