पिल्लू, वास आणि मार



"मारलं तरी पोर आईलाच बिलगतं, म्हणजे त्याच्या मनात काही राहत नाही." इथे दुबईतही आपल्या मराठी घरांत हे ऐकू येतं. मी मेंदूच्या रसायनांवर काम करते, म्हणून या वाक्याबद्दल थोडं बोलते.

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे-कान बंद असतात. आई कळते ती वासाने. पहिले नऊ-दहा दिवस त्याच्या मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन सढळपणे स्रवतं आणि त्याच्या जोडीने आलेला वास आवडीचा होऊन बसतो. रेजिना सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवलं, की वासाबरोबर विजेचा हलका झटका दिला तरी पिल्लू त्याच वासाकडे जातं. वेदना होतेच, पण भीती शिकवणारा अमिग्डाला अजून त्या कामाला लागलेला नसतो, कारण कॉर्टिकोस्टेरॉन कमी असतं. पुढे तोच झटका तिटकारा शिकवतो. मात्र २००६ मध्ये दिसलं, की आई शेजारी असेल तर बारा दिवसांचं पिल्लूही ओढच शिकतं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण एवढं नक्की, की बिलगणं हा इजा न झाल्याचा पुरावा नाही. आईशिवाय जगता येत नाही, म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे.

मुलांच्या रक्षणासाठी अमिरातीत २०१६ चा वदीमा कायदा आहे. पण कायदा दारापर्यंत येतो. दाराआड हात उगारायचा की नाही, ते आपणच ठरवायचं.