बातमीतले क्रियापद
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वृत्तपत्रे खोटे छापतात की खरे, या वादात मी आज शिरत नाही. धडधडीत खोटी बातमी पुष्कळदा पकडली जाते. खरी घटना सांगतानाच तिला जो कल दिला जातो, तो मात्र डाळीतल्या खड्यासारखा असतो. निवडायला बसल्याखेरीज दिसत नाही.

आपल्या मराठीत तो कल क्रियापदात लपतो. 'पोलिसांनी गोळीबार केला' आणि 'पोलिसांना गोळीबार करावा लागला' ही दोन्ही वाक्ये एकाच घटनेची. परंतु दुसऱ्यात 'नाइलाज होता' असा निवाडा वार्ताहराने चौकशीपूर्वीच देऊन टाकला आहे. नावे ठेवण्यातही तेच. १८५७ साली जे घडले त्याला इंग्रजांनी शिपायांचे बंड म्हटले, सावरकरांनी १९०९ साली स्वातंत्र्यसमर. अर्थात नुसत्या शब्दावरून माणसाची परीक्षा करू नये. गोडसे भटजीही 'बंड'च म्हणतात, आणि झाशीच्या राणीविषयी त्यांना केवढा आदर होता, हे 'माझा प्रवास' वाचलेल्या भगिनींना ठाऊक आहेच.

पण मला अधिक बोलायचे आहे ते आपल्याविषयीच्या बातम्यांवर. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' हा मथळा आपण सर्वजणींनी वाचला आहे. संशय कुणाचा? मारणाऱ्याचा. सांगितला कुणी? बहुधा त्यानेच, पोलिसांपुढे. आणि छापला गेला तो मात्र कारण म्हणून! जी उत्तर द्यायला उरली नाही, तिच्या नावाला डाग लागला तो लागलाच. 'क्षुल्लक कारणावरून मारहाण' हेही तसलेच. भाजीत मीठ जास्त पडले म्हणून कुणी बायकोचा हात मोडत नाही हो. ते कारण नव्हे, निमित्त.

'स्टोव्हच्या भडक्याने विवाहितेचा मृत्यू' ही बातमी एके काळी दोन ओळींत संपे. स्टोव्ह नेमका नव्या सुनेच्याच अंगावर कसा भडकतो, हे स्त्रियांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारले, तेव्हा कुठे १९८३ साली छळाविरुद्धचे ४९८ अ आणि १९८६ साली हुंडाबळीचे ३०४ ब ही कलमे दंडसंहितेत आली. जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ती ८५ व ८० या क्रमांकांखाली आहेत.

पैशाचा कल निराळा. २००९ सालच्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात एका पुढाऱ्याची स्तुती करणारा तोच मजकूर प्रतिस्पर्धी पत्रांत वेगवेगळ्या नावांनी आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. पुढे वृत्तपत्र परिषदेने त्या प्रकाराची चौकशीही केली. दोन पत्रे शेजारी ठेवून वाचण्याइतकीच ती युक्ती होती.

तेव्हा पुढच्या बैठकीस येताना प्रत्येकीने एकाच घटनेची दोन कात्रणे आणावीत. कोण बोलले यावर पेन्सिलीने खूण करावी आणि कुणाला विचारलेच नाही त्याचे नाव समासात लिहावे. कपाटात हिशेबाची एक कोरी वही पडून आहे, तीत चिकटवू. खळ मी घेऊन येते.