लशीचा जमाखर्च



भैरवनाथाच्या या सोनारीत जमाखर्च कोणाला शिकवावा लागत नाही. बियाणे महाग झाले म्हणून कोणी शेत पडीक टाकीत नाही. आम्ही शाळा थोडी शिकलो. हिशेब शिकलो तो मजुरांच्या हजेरीपटावर. त्याच हिशेबाने आज पाहू, इस्पितळात लस टोचण्याचा खर्च परवडतो काय?

आधी देवीचा दाखला घ्या. १९६७ पासून जगाने देवी हटविण्यासाठी सुमारे ३० कोटी डॉलर खर्चिले. भारतातील अखेरचा रोगी १९७५ साली आढळला, आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त जाहीर झाले. तेव्हापासून दरसाल १०० कोटी डॉलरांहून अधिक वाचतात, असा अंदाज आहे. खर्च एकदाचा, लाभ कायमचा.

आता इस्पितळात या. ‘ब’ प्रकारची कावीळ रक्तातून पसरते. रोग्याला टोचलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला लागली, तर शंभरांत सहापासून तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. काहींचे यकृत पुढे कायमचे निकामी होते, काहींना कर्करोग होतो. यावर उपाय म्हणजे लशीच्या तीन मात्रा : पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. शंभरांत नव्वदांहून अधिक धडधाकट माणसे त्याने सुरक्षित होतात.

सुई डॉक्टरांना लागते, परिचारिकेला लागते. तशीच ती कचऱ्याची पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगारालाही लागते. तो बहुधा ठेक्यावरचा. त्याचे नाव इस्पितळाच्या पटावर नसते. तो आजारी पडला तर इस्पितळाच्या वहीत एक पैसाही खर्च दिसत नाही. तो खर्च त्याच्या बायकोच्या डोरल्यावर पडतो. वहीत दिसते ती बचत नव्हे, दुसऱ्याच्या घरी ढकललेले कर्ज आहे.

ठेकेदार म्हणतो, ‘माणूस सहा महिने टिकत नाही, तिसरी मात्रा कोणाला द्यायची?’ उत्तर सोपे आहे. मात्रांची नोंद कामगाराच्या हाती द्या. मात्रा लांबली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेली पुढच्या ठिकाणी घेता येते.

ही भीक नव्हे. इस्पितळातील कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास ही लस आणि धनुर्वाताची लस द्यावी, असे २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियमच सांगतात. १६ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये कोरोनाची पहिली लस एका सफाई कामगारास दिली गेली. संकटात जो पहिला, तो एरवी शेवटचा का?

म्हणून आमची विनंती एवढीच. परंड्याला वा धाराशिवला इस्पितळात जाल, तेव्हा विचारा : ठेक्यावरच्या कामगारांच्या तिन्ही मात्रांच्या तारखा कोठे लिहिल्या आहेत? रुग्ण कल्याण समितीत तुमच्या ओळखीचा कोणी असेल, तर त्यालाही हाच प्रश्न मांडायला सांगा. कामगाराने विचारले तर त्याचे काम जाते. तुम्ही विचारले तर वही उघडावी लागते.