शाळेभोवतीची पाखरे



परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर पोपटाचे चित्र काढून पाठ उरकणे सोपे असते. परंतु डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तसे करणे म्हणजे अंगणात विहीर असता पाणी विकत आणणे होय. याच डहाणू तालुक्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली होती. मूल जेथे आहे तेथूनच तेथे आरंभ होई. पक्षिनिरीक्षणासही हीच रीत योग्य.

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पावशा ओरडत असतो. मागोमाग मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून चातक येतो. दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यांत घालतात. आषाढ-श्रावणात ताडाच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. नाव स्त्रीचे, विणकर मात्र नर! खोपा निम्मा झाला की मादी येऊन पारखते. नापसंत पडल्यास तो बहुधा तसाच अपुरा राहतो. पावसाळ्यानंतर गळून पडलेला एक अपुरा व एक पुरा खोपा वर्गात शेजारी शेजारी ठेवावा. मुले स्वतःच फरक शोधू लागतील, शिक्षकाने घाई करू नये.

दिवाळीनंतर उत्तरेकडून आलेला धोबी शेपटी हालवीत पटांगणात हिंडतो. किनाऱ्यालगतच्या शाळांना ओहोटीच्या वेळी कुरव व तुतवार दिसतील. फाल्गुनात पळस-पांगारा फुलला की मैना, कोतवाल, शिंजीर यांची त्यावर झुंबड उडते.

आता गलोलीविषयी. गलोल बाळगणारा मुलगा बहुधा वर्गातील सर्वोत्तम निरीक्षक असतो. कोणते पाखरू केव्हा, कोणत्या फांदीवर बसते हे त्यास ठाऊक असते. आणि तोच वर्गात मुका बसतो. नुसती छडी उगारल्याने पाखरू वाचत नाही, मुलगा मात्र शाळेस अंतरतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यास समजावून द्यावाच. परंतु त्याआधी निरीक्षणाची वही त्याच्या स्वाधीन करावी. तीत तारीख, झाड, पाखराचे वारली बोलीतील नाव व त्यानंतर पुस्तकी नाव लिहावे. बोलीतील नाव शिक्षकास ठाऊक नसल्यास मुलास विचारावे. यात कमीपणा मुळीच नाही.

मे महिन्यात शाळा बंद असते, तांबटाची टुकटुक मात्र चालूच असते. सुटीत वही कोणाच्या घरी राहावी, हे मुलांनीच ठरवावे.