कोरड्या गावचा नावाडी



विद्यार्थ्यांसमोर एखाद्या खेळाडूविषयी बोलावे, असे मंडळाने आम्हास सांगितले. आम्ही पडलो बँकेतले कारकून, दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणारे. खेळाच्या बाबतीत आमचा अधिकार तो किती! तरी क्रिकेट सोडून बोलायचे एवढे आम्ही ठरवले होते. म्हणून आज नौकानयनाविषयी, म्हणजे वल्ही मारून नाव पळवण्याच्या शर्यतीविषयी बोलणार आहोत. आपल्या जिल्ह्यात मार्च उजाडला की टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. तिथे नावेची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्या बजरंगलाल ताखर यांच्या गावातच आहे.

ताखर हे राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यातील मगनपुरा गावचे. जन्म 1981 चा. नकाशा पाहिलात तर कळेल की तिथे समुद्र नाही, मोठी नदी नाही. शेतकऱ्याचा हा उंचापुरा मुलगा राजपुताना रायफल्समध्ये भरती झाला आणि सैन्यानेच त्याला नावेत बसवले. प्रशिक्षक इस्माईल बेग यांच्या हाताखाली तो तयार झाला. या बेग सरांना पुढे 2005 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

आता ही नाव कशी असते ते थोडे सांगतो, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोळ्याची होडी येते. एकट्याने वल्हवायची शर्यतीची नाव सुमारे आठ मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम हातभर. वजन साधारण चौदा किलो, म्हणजे आपल्या अंगणातल्या बाजेसारखे. जरा तोल गेला की माणूस पाण्यात. बसायची पाटी चाकांवर मागे-पुढे सरकते, पाय मात्र बांधलेले. जोर आधी पायांचा लागतो, मग पाठीचा आणि शेवटी हातांचा. अंतर दोन हजार मीटर, वेळ सात मिनिटांच्या आसपास. आणि गंमत अशी की खेळाडू पाठमोरा बसतो. जिथे पोहोचायचे ती रेषा त्याला दिसतच नाही, दिसतात ती मागे पडलेली माणसे. सरावात प्रशिक्षक काठाने सायकलवरून किंवा मोटारबोटीतून ओरडत असतो. शर्यत सुरू झाल्यावर मात्र त्याला रेडिओवरून एक शब्दही सांगण्याची मुभा नाही.

ताखर यांनी 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेतले. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते एकविसावे आले. मग 2010 मध्ये ग्वांगझू येथे त्यांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले. नौकानयनातले भारताचे ते पहिले वैयक्तिक आशियाई सुवर्ण. त्याआधी अर्जुन पुरस्कार आणि 2013 मध्ये पद्मश्री. इतके झाल्यावर एखादा माणूस सत्कारांच्या हारांत रमला असता. ताखर पुन्हा पाण्याकाठीच राहिले, पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये, आता प्रशिक्षक म्हणून.

याच पुण्यात आपल्या महाराष्ट्राचा एक मुलगा घडला, त्याच्याविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. दत्तू भोकनळ, नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा. तोही दुष्काळी मुलूख. वडील विहिरी खोदायचे आणि दत्तू त्यांच्याबरोबर राबायचा. 2011 मध्ये वडील गेले. 2012 मध्ये तो सैन्यात लागला आणि त्याची उंची पाहूनच त्याला नौकानयनात घेतले. चार वर्षांत हा विहीर खोदणाऱ्याचा मुलगा रिओ ऑलिंपिकला गेला, तेव्हा घरी आई अपघातानंतर गंभीर आजारी होती. रिओत तो तेरावा आला. तेरावा म्हणजे हरला, असे म्हणणारे आम्हाला भेटले आहेत. त्यांना सांगावेसे वाटते की पदकाच्या शर्यतीत सहाच नावा असतात. मागे राहिलेल्यांच्या क्रमांकासाठी 'ब', 'क', 'ड' अशा शर्यती होतात, आणि 'क' शर्यत दत्तूने जिंकली होती. 2018 मध्ये पालेम्बांगला एकेरीत तो साफ मागे पडला. आजारी होतो, असे त्याने सांगितले. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नावेत त्याने सुवर्ण मिळवले. त्या एकेरीच्या शर्यतीवरून 2019 मध्ये महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, ती पुढे मुदतीआधीच उठली, आणि 2020 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. शिक्षा आणि सन्मान यांत अंतर किती थोडे!

आता पुन्हा ताखर यांच्याकडे. हरियाणातल्या कर्नाल जिल्ह्याचा बलराज पंवार हा शेतकरी कुटुंबातला जवान त्यांच्या हाताखाली तयार होऊन 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला गेला. भारताच्या नौकानयन चमूत तो एकटाच होता. क्रमांक तेविसावा. एकेरीतले आकडे ओळीने मांडले तर 2008 मध्ये ताखर 21, 2012 मध्ये स्वर्ण सिंग 16, 2016 मध्ये दत्तू 13 आणि 2024 मध्ये बलराज 23. खातेवहीत शेवटचा आकडा पाहून आम्ही लगेच तूट लिहिली असती. पण बीजिंगला ताखर ज्या 'ड' शर्यतीत होते त्याच 'ड' शर्यतीत त्यांचा शिष्य पॅरिसला होता. ते पाणी कसे लागते, पहिल्या पाचशे मीटरला छाती कशी भरून येते, हे सांगणारा माणूस बलराजला मिळाला. ताखर यांच्या आधी ते सांगणारे किती होते? प्रशिक्षकाचे नाव निकालाच्या तक्त्यावर येत नाही. ज्याने स्वतः सुवर्णपदक गळ्यात घातले आहे, त्याला दुसऱ्याच्या तेविसाव्या क्रमांकासाठी पहाटे काठावर उभे राहणे सोपे जात असेल असे आम्हास वाटत नाही. आम्हाला त्यांचे सुवर्ण मोठे वाटतेच, पण ही पहाट त्याहून मोठी वाटते.

शर्यतीची नाव लाखांच्या घरात जाते. ती आपल्यापैकी कोणी विकत घेणार नाही. या सगळ्यांना नाव, वल्ही आणि पोटभर खुराक सैन्याने दिला, हे लपवण्यात अर्थ नाही. आपली मुलेही दरवर्षी भरतीला पळतात, त्यांच्यात उंच मुले पुष्कळ. पण किती जणांना पोहता येते? पोहता न येणाऱ्याला कोणीही या नावेत सोडत नाही. पाणी आपल्याकडेही आहे. देऊळगाव राजा तालुक्यात संत चोखामेळा जलाशय आहे, मोताळ्याकडे नळगंगा, बुलढाण्याजवळ येळगाव. लोणार वगळा, ते जपायचे पाणी आहे. मात्र धरणात किंवा विहिरीत स्वतःहून उतरू नका. दर उन्हाळ्यात आपण अशा बातम्या वाचतो.

म्हणून मंडळाला आमची एक विनंती आहे. येत्या सुट्टीत तलावावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, मुलांना आणि मुलींनाही पोहायला शिकवण्याची सोय करावी. नावे नोंदवून घेण्याचे आणि फीचा हिशेब ठेवण्याचे काम आमच्याकडे द्यावे, तेवढे आम्हास जमते.