चाचा, जाऊ की नको?

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याला कॉलेजात असतानाच एका मोठ्या आयटी कंपनीचे नेमणूकपत्र आले. नेमणूक पुण्याची. सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटून झाले आणि रात्री तो माझ्याकडे आला. ‘चाचा, जाऊ की नको?’

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कॉम्प्युटरमधले मला काय कळणार? पण माझी मुलगी सहा वर्षे हिंजवडीत अशाच एका कंपनीत आहे. तिच्याकडून जे कळले ते त्याला सांगितले. श्रोतेहो, तेच तुम्हालाही सांगतो.

आधी जमेची बाजू. भरतीच्या वेळी तिचे गुण पाहिले गेले, आडनाव नाही. पुण्यात खोली शोधताना मात्र तीन ठिकाणी आधी आडनाव विचारले गेले आणि मग ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळाले. या कंपन्या नव्या मुलांना पगार देऊन काही महिने शिकवतात. पगार ठरल्या तारखेला जमा होतो, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. तिच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन कंपनीच्या विम्यातून झाले. माझ्या वडिलांचा जन्म मागावर गेला. त्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

आता दुसरी बाजू. या कंपन्या मुख्यतः माणसांचे तास विकतात. अमेरिकेतल्या एखाद्या बँकेचे काम चालू आहे तोवर ठीक. ते संपले की माणूस ‘बेंच’वर. आमच्या शाळेत बाकावर उभे राहणे ही शिक्षा होती, इथे बाकावर बसून राहणे ही शिक्षा! मुलगी चार महिने बेंचवर होती. फोनवर हसायची, पण ‘जेवलीस का?’ म्हटले की गप्प व्हायची. पुढे काम मिळाले ते जुन्या प्रोग्रॅमच्या डागडुजीचे. तिला विचारले कुणी नाही. रमजानात रोजा सोडायच्या सुमारास तिकडची सकाळ होते. खजूर तोंडात आणि हेडफोन कानावर.

पगाराचेही ऐका. अशा कंपन्यांत नवख्याला २०१० च्या सुमारास वर्षाला सव्वातीन लाख मिळत. आजही बहुतेकांची सुरुवात साडेतीन लाखांच्या आसपासच होते. सोडायचे म्हटले तर अनेक ठिकाणी ९० दिवसांची नोटीस. आणि कंपनी मोठी म्हणून नोकरी पक्की, असेही नाही. १९६८ साली सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सीने जुलै २०२५ मध्ये, ६ लाखांवर माणसे असताना, १२ हजारांवर लोक कमी करण्याचे जाहीर केले. त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या पदांवरचे लोक होते, म्हणजे ज्यांचे घरकर्जाचे हप्ते चालू असण्याचेच वय.

पुतण्या म्हणाला, ‘म्हणजे नको म्हणता?’

म्हटले, ‘जा. पण शाळेत जातोस असे समजून जा, कायमचे घर समजून नको. दर सहा महिन्यांनी स्वतःला विचार, नवे काय शिकलो? उत्तर सापडेना झाले, की दुसरीकडे अर्ज करायला लाग. आणि पुण्याला आठवडाभर आधी जा. नोकरी मिळाली आहे. खोली अजून मिळायची आहे.’